गाठही दिसली, अरुंद धमनीही दिसली. बीपीचं कारण कोणतं?

सिंहगड रोडवरून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मिस्टरांचं वय ५२. बीपी सहा वर्षांपासून. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन अशा तीन गोळ्या पूर्ण डोसमध्ये चालू आहेत, तरी घरच्या मशीनवर आकडा १६०/१०० च्या खाली उतरत नाही. पोटॅशियम ३.१, क्रिएटिनिन १.०. सिगरेट दोन वर्षांपूर्वी सोडली. मुतखड्याच्या संशयावरून आधी सोनोग्राफी आणि मग कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला. खडा निघाला नाही. निघाल्या दोन भलत्याच गोष्टी: डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत (किडनीच्या माथ्यावर बसलेली, हार्मोन तयार करणारी छोटी ग्रंथी) १.६ सेंटिमीटरची गाठ, आणि उजव्या किडनीच्या धमनीच्या तोंडाशी ४० ते ५० टक्के अरुंदपणा. एक डॉक्टर म्हणाले गाठ काढून टाका, दुसरे म्हणाले धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवा. ताईंचा प्रश्न: आधी काय करायचं?

ताई, आधी यातलं काहीच करायचं नाही. आधी एक रक्ततपासणी करायची, अल्डोस्टेरॉन आणि रेनिनची, दोन्ही एकाच नमुन्यातून. तुम्ही पाठवलेल्या कागदांत ती कुठेही दिसली नाही. हे तसं नेहमीचंच आहे. पुण्यात स्कॅन संध्याकाळपर्यंत होऊन फोनवर येतो, पण हार्मोनची तपासणी कुणी लिहून देईपर्यंत महिने निघून जातात.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या पोटाचा सीटी काढला की त्यात काहीतरी सापडतंच. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या शंभर स्कॅनमध्ये चारेक जणांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ दिसते, वय वाढेल तसं हे प्रमाणही वाढतं, आणि यातल्या बहुतेक गाठी आयुष्यभर गप्प बसून असतात. ना हार्मोन तयार करतात, ना वाढतात. किडनीच्या धमनीचंही तेच. वर्षानुवर्षं सिगरेट ओढलेल्या माणसाच्या महाधमनीत चरबीचे थर असतातच, आणि किडनीची धमनी जिथून फुटते त्या तोंडाशी ते साचणं अगदी अपेक्षित आहे. तेव्हा तुमच्या मिस्टरांच्या पोटात या दोन्ही गोष्टी आहेत हे खरं, पण त्यातली एक बीपीला कारण असेल, दोन्ही असतील किंवा एकही नसेल. ते स्कॅनवरून कळत नाही.

तरीही त्यांच्या बाबतीत शोध घ्यायलाच हवा. बीपीच्या बहुसंख्य रुग्णांत असं एकच एक कारण सापडत नाही. वय, वजन, मीठ, घराणं असं सगळं मिळून ते बनतं. पण लघवी वाढवणारी एक गोळी धरून तीन गोळ्या पूर्ण डोसमध्ये घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, तर अशा पाचातल्या एका रुग्णाच्या अ‍ॅड्रिनलमधून अल्डोस्टेरॉन जास्त येत असतं. हा काही दुर्मीळ आजार नाही. आम्ही शिकत होतो तेव्हा तो दुर्मीळ म्हणून शिकवला जायचा, कारण पोटॅशियम कमी असेल तरच शोधायचा असा रिवाज होता. प्रत्यक्षात यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचं पोटॅशियम नॉर्मल असतं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने तर बीपी असलेल्या सगळ्यांचीच एकदा ही तपासणी करावी असं सुचवलं. आपल्याकडे खर्चामुळे तसं लगेच होणार नाही, पण तुमच्या मिस्टरांसारख्या रुग्णात ती टाळायला काहीच सबब नाही.

आता या एका नमुन्यातून दोन कारणं वेगळी कशी होतात ते सांगतो. ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

रेनिन किडनीतून निघतं. किडनीला रक्ताचा दाब कमी वाटला की ती रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं, ते रक्तवाहिन्या आवळतं आणि अ‍ॅड्रिनलला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर घालवतं. दाब वाढला की किडनी समाधानी होते आणि रेनिन थांबतं. निरोगी माणसात हा व्यवहार दिवसभर असा चालू असतो.

किडनीची धमनी खूप अरुंद झाली तर काय होतं? एखाद्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे असं समजा. त्या घरी नळाला धार नाही. ते वॉचमनला फोन करतात, वॉचमन पंप वाढवतो, आणि बाकीच्या सगळ्या घरांत नळ फाटेस्तोवर पाणी येतं. व्हॉल्व्ह मात्र तसाच. अरुंद धमनीमागची किडनी असंच करते. तिला स्वतःला रक्त कमी मिळतं, ती रेनिन सोडत राहते, आणि दाब अख्ख्या शरीराचा वाढतो. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या धमनीला चाप लावून हेच दाखवून दिलं होतं.

अ‍ॅड्रिनलच्या गाठीत उलटं घडतं. कुणी न सांगता ग्रंथी स्वतःच अल्डोस्टेरॉन सोडत राहते. मीठ साचतं, दाब वाढतो, आणि किडनीला दाब पुरेसा वाटत असल्यामुळे ती रेनिन जवळजवळ बंद करते. हे प्रथम ओळखलं मिशिगन विद्यापीठातल्या जेरोम कॉन यांनी, १९५४ मध्ये. ३४ वर्षांची एक बाई हातापायातलं बळ जाणं आणि स्नायूंत पेटके अशा तक्रारी घेऊन आली होती. बीपी जास्त, पोटॅशियम कमी. अ‍ॅड्रिनलमधली गाठ काढल्यावर तिचं पोटॅशियम सुधारलं आणि बीपीही उतरलं. म्हणून हा आजार कॉनच्या नावाने ओळखला जातो.

म्हणजे अ‍ॅड्रिनल कारण असेल तर अल्डोस्टेरॉन वर आणि रेनिन दबलेलं. धमनी कारण असेल तर रेनिन दबलेलं नसतं, बहुधा वाढलेलंच असतं. तुमच्या दोन डॉक्टरांच्या मतभेदाचा निकाल रेनिनच्या या एका आकड्यावर बऱ्यापैकी लागतो.

तपासणीआधी सगळ्या गोळ्या बंद करायच्या का, हे प्रत्येक जण विचारतो. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत माझं उत्तर: नको. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही दोन्ही औषधं रेनिन वाढवतात. एवढी दोन औषधं पोटात असूनही रेनिन दबलेलंच आलं, तर तो पुरावा गोळ्या बंद करून काढलेल्या रिपोर्टपेक्षा अधिक भक्कम. रेनिन वर आलं तर मात्र ते औषधामुळे की आजारामुळे हे कळणार नाही आणि मग काही गोळ्या बदलून पुन्हा तपासावं लागेल. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, प्राझोसिनसारखं रेनिनला न हलवणारं औषध देऊन. १६०/१०० वर असलेल्या माणसाने आपल्या मनाने गोळ्या सोडून तीन आठवडे बसणं हा नसता धोका आहे. बीटा ब्लॉकरच्या गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल वगैरे, उलट रेनिन खाली आणतात आणि फसवतात; त्या चालू नाहीत हे बरं. स्पायरोनोलॅक्टोन मात्र कुणी आत्ताच सुरू केली तर ‘आधी रक्त काढू द्या’ असं नम्रपणे सांगा. एकदा ती सुरू झाली की नीट तपासणीसाठी चार ते सहा आठवडे बंद ठेवावी लागते.

त्याआधी पोटॅशियम भरून काढायचं. पोटॅशियम कमी असताना अ‍ॅड्रिनल हात आखडता घेते आणि अल्डोस्टेरॉन खोटंच कमी येतं. डॉक्टर सिरप देतील. चव वाईट असते, भरपूर पाण्यात घालून जेवणानंतर घ्यायचं. नारळपाणी आणि केळ्यांनी ३.१ चं ४ होणार नाही. टेल्मिसार्टन चालू असल्याने सिरप मोजूनच आणि आठवड्याभरात पोटॅशियम पुन्हा तपासून. रक्त काढताना मूठ वारंवार उघडमीट करू नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढून येतं. क्लोरथॅलिडोननेही पोटॅशियम उतरतं, त्यामुळे ३.१ या आकड्यावरून एकट्या गाठीला जबाबदार धरता येत नाही, हे लक्षात असू द्या.

आणि मीठ. तपासणीच्या आधीचे काही दिवस घरात नेहमीसारखं जेवण ठेवा. ‘रिपोर्ट चांगला यावा’ म्हणून आठवडाभर अळणी जेवून येणारे खूप. त्याने रेनिन वाढतं आणि असलेला आजार लपतो. तपासणी झाली की मग लोणचं, पापड आणि फरसाणाच्या बरण्या खुशाल मागे सरकवा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सगळं मिळून जेमतेम एक चमचा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि अल्डोस्टेरॉन जास्त असलेल्या माणसाला मिठाचा त्रास इतरांहून अधिक होतो.

नमुना कधी द्यायचा? सकाळी उठून किमान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर, मग पाच ते पंधरा मिनिटं बसून. लॅबचा मुलगा साडेसहाला दारात येतो आणि माणूस अंथरुणातून उठून हात पुढे करतो, हे या तपासणीला चालत नाही. लॅबमध्ये जाऊन दिलेलं उत्तम. आणखी एक बारीक गोष्ट: रेनिनचा नमुना बर्फात ठेवायचा नसतो. थंडीने रक्तातलं सुप्त रेनिन जागं होतं आणि आकडा खोटा वाढतो. घरून रक्त नेणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशवीत बर्फाचे पॅक असतातच, तेव्हा आधी विचारा.

रिपोर्टमध्ये अल्डोस्टेरॉन भागिले रेनिन असं गुणोत्तर छापून येतं. रेनिनची क्रियाशीलता मोजली असेल तर साधारण ३० च्या वर संशय धरतात. पण रेनिन थेट मोजण्याचीही एक पद्धत आहे, तिची एककं वेगळी आणि सीमाही वेगळी. इंटरनेटवरचा ३० चा आकडा घेऊन दुसऱ्या पद्धतीच्या रिपोर्टला लावणारे उच्चशिक्षित लोक मी पाहतो. आणि गुणोत्तर एकटं कामाचं नाही. रेनिन खूपच कमी असेल तर साध्या अल्डोस्टेरॉनवरही गुणोत्तर फुगतं. अल्डोस्टेरॉन स्वतः किती आहे ते आधी बघायचं. ते डेसिलिटरमागे २० नॅनोग्रॅमच्या वर, रेनिन मोजता येणार नाही इतकं कमी, आणि पोटॅशियम लघवीच्या गोळीशिवायच घसरलेलं, अशी तिन्ही एकत्र असतील तर पुढे सिद्ध करायला काही उरत नाही. मधल्या आकड्यांसाठी सलाइनची चाचणी असते: चार तासांत दोन लिटर सलाइन देऊन अल्डोस्टेरॉन दबतं का ते पाहायचं. निरोगी माणसात ते ५ च्या खाली जातं. बीपी फार चढलेलं असताना किंवा हृदय कमजोर असताना ही चाचणी करत नाहीत.

समजा आजार सिद्ध झाला. तरी लगेच डाव्या बाजूचं ऑपरेशन नाही. पुण्यातही इथेच सगळ्यात जास्त घाई होताना दिसते. अल्डोस्टेरॉन डाव्या गाठीतूनच येतंय कशावरून? बऱ्याच रुग्णांत दोन्ही ग्रंथी मिळून ते जास्त सोडत असतात आणि गाठ ही बाजूला उगवलेली निरुपद्रवी गोष्ट असते. क्वचित उजवीकडच्या, स्कॅनवर दिसणारही नाही अशा बारीक गाठीतून ते येत असतं. सीटीचा निष्कर्ष आणि ग्रंथीच्या शिरांमधून थेट घेतलेल्या रक्ताचा निष्कर्ष यांची तुलना झाली आहे. साधारण तीनांतल्या एका रुग्णात दोन्ही जुळत नाहीत. म्हणजे निव्वळ स्कॅनवर विसंबून काही जणांची चुकीची ग्रंथी काढली जाईल आणि काही जणांना ऑपरेशनचा लाभ असूनही मिळणार नाही.

म्हणून दोन्ही अ‍ॅड्रिनलच्या शिरांमधून नमुने घेतात. जांघेतून बारीक नळी आत नेतात आणि दोन्हीकडचं रक्त घेऊन अल्डोस्टेरॉन व कॉर्टिसॉल मोजतात. कॉर्टिसॉल हे याच ग्रंथीचं दुसरं हार्मोन; ते यासाठी की नळी खरंच योग्य शिरेत होती का, ते कळावं. डावीकडची शीर सापडायला सोपी. उजवीकडची आखूड असते आणि थेट महाशिरेत उघडते, त्यामुळे अनुभव नसेल तर तीच हुकते आणि रिपोर्टला अर्थ उरत नाही. रेडिओलॉजिस्टना बेधडक विचारा: वर्षाला अशा किती करता, आणि उजवी शीर कितींदा मिळते? चांगला माणूस रागावत नाही. पुण्यात असं काम करणारे आहेत. तुमच्या एंडोक्रायनॉलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, ते ठाऊक असतात. पस्तिशीच्या आतला रुग्ण, पोटॅशियम अगदी कमी, आणि एका बाजूला ठळक गाठ असेल तर ही पायरी वगळता येते. तुमचे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत, त्यांना ती वगळू नये.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय चाचणीत फक्त सीटीवरून उपचार ठरवलेले आणि शिरांच्या नमुन्यावरून ठरवलेले अशा दोन गटांत वर्षभरानंतर औषधांच्या गरजेत फरक दिसला नाही. त्यामुळे ‘नमुना कशाला?’ म्हणणारे डॉक्टर हवेत बोलत नाहीत. पण त्या चाचणीत रुग्ण दोनशेच होते, आणि हार्मोन पूर्ण आटोक्यात न आलेले लोक सीटीच्या गटात थोडे अधिक होते. एक अवयव कायमचा काढायचा तर मी अजूनही नमुना मागतो.

गाठीविषयी तुम्हाला सर्वांत मोठी भीती ‘कॅन्सर तर नाही?’ ही दिसते. तुमच्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरांत कॉन्ट्रास्ट देण्याआधीची गाठीची घनता लिहिली आहे: ४ हाउन्सफील्ड युनिट. माझ्या लेखी अख्ख्या रिपोर्टमधली ही सगळ्यात मोलाची ओळ. १० किंवा त्याहून कमी घनता म्हणजे गाठीत चरबी भरपूर, म्हणजे साधी गाठ. १.६ सेंटिमीटर आणि ४ युनिट असं असताना कॅन्सरचा विचार डोक्यातून काढून टाका. सुई घालून तुकडा काढायची तर मुळीच गरज नाही.

याच ओळीने आणखी एक आजार जवळपास बाद होतो, फिओक्रोमोसायटोमा. पण वाचणाऱ्यांत कुणाची गाठ मोठी किंवा घट्ट असेल म्हणून त्याबद्दल लिहितो. ही अ‍ॅड्रिनलच्या गाभ्यातली, अ‍ॅड्रिनॅलिन जातीची रसायनं सोडणारी गाठ. बीपीच्या हजार रुग्णांत जेमतेम एखाद-दुसऱ्यात, फार तर पाच-सहा जणांत सापडते, पण हुकली तर जिवावर बेतते. अचानक डोकं ठणकणं, दरदरून घाम आणि छातीत धडधड, चेहरा पांढरा पडणं, अर्ध्या तासात सगळं शांत. पुष्कळांना ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलेलं असतं. काही रुग्णांत पहिला झटका भूल देताना किंवा उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिल्यावर येतो. तपासणी मेटानेफ्रिनची, म्हणजे याच रसायनांपासून बनणाऱ्या घटकांची, रक्तातली किंवा २४ तासांच्या लघवीतली. इथे रेनिनच्या अगदी उलट: रक्ताचा नमुना वीस-तीस मिनिटं शांत आडवं पडून द्यायचा आणि तो बर्फातच न्यायचा.

हा आजार ठरला तर ऑपरेशनआधी एक-दोन आठवडे रक्तवाहिन्या सैल करणारं अल्फा ब्लॉकर, सोबत भरपूर पाणी आणि मीठ. धडधडीसाठी बीटा ब्लॉकर त्यानंतरच. आधी बीटा ब्लॉकर दिला तर रक्तवाहिन्या आवळायला मोकळं रान मिळतं आणि बीपी भडकतं. हा क्रम कुणी उलटा लावत असेल तर नम्रपणे थांबवा. शिवाय तीनातल्या एका रुग्णात तरी मूळ जनुकात असतं, त्यामुळे जनुकीय तपासणी आणि भावंडांची चौकशी करायची. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे १८ वर्षांच्या एका मुलीच्या दोन्ही अ‍ॅड्रिनलमध्ये अशा गाठी सापडल्या होत्या. सव्वाशे वर्षांनी तिच्या नातलगांचा माग काढला तेव्हा घराण्यात जनुकाचा दोष निघाला.

तिसरं हार्मोन कॉर्टिसॉल. रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी ८ ला कॉर्टिसॉल, बस्स. ते डेसिलिटरमागे १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली यायला हवं. गाठ असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी करतात, आणि अल्डोस्टेरॉनच्या रुग्णात तिला आणखी एक महत्त्व आहे: तीच गाठ दोन्ही हार्मोन सोडत असेल तर शिरांच्या नमुन्याचा हिशेब बिघडतो, आणि ती काढल्यावर उरलेली ग्रंथी काही महिने झोपेत असते, तेव्हा स्टेरॉइडचा आधार द्यावा लागतो. गुडघेदुखी किंवा दम्यासाठी कुणाकडून बिननावाच्या पुड्या घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा पुड्यांत स्टेरॉइड निघतं.

आता धमनी. या टप्प्यावर स्टेंट नको असं मला वाटतं, त्याची कारणं तुमच्याच कागदांत आहेत. ४० ते ५० टक्के अरुंदपणाने रक्ताचा प्रवाह सहसा अडत नाही. ६० ते ७० टक्क्यांच्या पुढे गेल्यावर तो अडायला लागतो. दोन्ही किडन्यांची लांबी रिपोर्टमध्ये १०.४ आणि १०.१ सेंटिमीटर आहे, म्हणजे जवळपास सारखी. उजवी किडनी वर्षानुवर्षं उपाशी असती तर ती आक्रसली असती. दीड सेंटिमीटरच्या पुढचा फरक आम्हाला खटकतो. आणि टेल्मिसार्टन पूर्ण डोसमध्ये घेऊनही क्रिएटिनिन १.० आहे. दोन्ही धमन्या खरंच आवळलेल्या असत्या तर या गटातली गोळी सुरू केल्यावर ते ३० टक्क्यांहून अधिक चढलं असतं.

बरं, अरुंदपणा जास्त असता तरी? किडनीच्या धमनीत चरबीमुळे आलेल्या अडथळ्यावर स्टेंटचा फायदा किती, यावर दोन मोठ्या चाचण्या झाल्या. अ‍ॅस्ट्रल २००९ मध्ये, ८०६ रुग्ण. कोरल २०१४ मध्ये, ९४७ रुग्ण. नीट औषधोपचार घेणाऱ्यांना वरून स्टेंट टाकून किडनी, हृदय किंवा आयुर्मान यांत ठोस लाभ दिसला नाही. धमनी अरुंद दिसते म्हणून उघडायची, या सरळ वाटणाऱ्या विचाराला या चाचण्यांनी चांगलाच लगाम घातला. स्टेंट आजही लागतो, पण निवडक ठिकाणी: फुप्फुसात अचानक पाणी भरून वारंवार दम लागणं, एकच किडनी उरलेली आणि तिचं काम झपाट्याने घसरणं, किंवा पाच-सहा औषधांनाही दाद न देणारं बीपी आणि सोबत खरोखरच मोठा अडथळा. तुमच्या मिस्टरांच्या उजव्या धमनीसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनसारखी गोळी, सिगरेटला कायमचा रामराम, साखरेची तपासणी, आणि सहा महिन्यांनी क्रिएटिनिन. अ‍ॅस्पिरिन हवी का ते तुमचे फिजिशियन हृदयाची तपासणी पाहून ठरवतील.

तरुणांची गोष्ट वेगळी, आणि तिथे उशीर करणं वाईट. विशी-तिशीतल्या बाईला जोराचं बीपी असेल तर दोन आजार डोक्यात असावेत. एकात धमनीच्या भिंतीतले तंतू वेडेवाकडे वाढून ती मण्यांच्या माळेसारखी दिसते. इथे नुसत्या फुग्याने धमनी रुंदावली तरी बीपी बरंच उतरतं, काहींच्या गोळ्या सुटतात, स्टेंट बहुधा लागत नाही. दुसरा ताकायासूचा आजार, महाधमनी आणि तिच्या फांद्यांना आलेली सूज. आपल्याकडे तरुण मुलींत किडनीची धमनी अरुंद होण्याचं हे मोठं कारण आहे. हातात काम करताना दुखणं, मनगटात नाडी न लागणं, बारीक ताप, वजन घटणं. यात मोठी फसगत अशी की ज्या हाताची धमनी बंद, त्या हातात बीपी नॉर्मल येतं. म्हणून तरुण रुग्णाचं बीपी दोन्ही हातांत आणि एकदा तरी पायात मोजावं. पायातलं कमी आलं तर महाधमनीचा जन्मजात अरुंदपणाही शोधावा लागतो. ताकायासूत सूज आधी औषधांनी शमवायची, मग गरज पडल्यास फुगा. सूज पेटलेली असताना उघडलेली धमनी पुन्हा आक्रसते.

तुमच्याकडे परत येतो. अल्डोस्टेरॉन डाव्याच बाजूने येतंय असं ठरलं तर दुर्बिणीने ती ग्रंथी काढतात; दोन-चार दिवसांत घरी. एका ग्रंथीवर माणूस व्यवस्थित जगतो. पण गोळ्या सुटतीलच असं सर्जननेही सांगू नये आणि तुम्हीही धरून चालू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या ७०५ रुग्णांच्या पाहणीत पोटॅशियम आणि अल्डोस्टेरॉन ९४ टक्क्यांत सुधारलं. बीपी मात्र गोळीविना नॉर्मल झालं ३७ टक्क्यांत, आणखी ४७ टक्क्यांत गोळ्या कमी झाल्या किंवा बीपी उतरलं. वय कमी, बीपीची वर्षं कमी, गोळ्या कमी, वजन कमी, आणि रुग्ण बाई असेल तर पूर्ण यश अधिक. ५२ वर्षांचा पुरुष, सहा वर्षं आणि तीन गोळ्या हे पाहता, तीनच्या एक किंवा दीड गोळीवर येणं हेही मी चांगलं यश मानेन. शिवाय आकडा तोच असला तरी अल्डोस्टेरॉनवालं बीपी हृदयाला आणि मेंदूला साध्या बीपीपेक्षा जास्त झिजवतं. हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि पक्षाघात यांचं प्रमाण यात अधिक असतं. तो धोका हटवणं हाच ऑपरेशनचा खरा हेतू. ऑपरेशननंतर पोटॅशियमचं सिरप लगेच थांबवायचं, आणि पुढच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढलं तर घाबरायचं नाही. इतके दिवस जादा दाबाने किडनी जादा गाळत होती, ते खरं रूप आता दिसतं.

दोन्ही बाजूंनी येत असेल तर ऑपरेशन नाही. स्पायरोनोलॅक्टोन, कमी डोसपासून. पुरुषांमध्ये छाती दुखणं किंवा वाढणं हा तिचा त्रास. लाजून गोळी गुपचूप सोडणारे पुरुष बरेच, म्हणून आधीच सांगून ठेवा. त्यावर एप्लेरेनोन हा पर्याय आहे, महाग आणि थोडा सौम्य. दबलेलं रेनिन वर आलं की डोस पुरेसा झाला असं समजतो. फक्त बीपीवर थांबत नाही. पोटॅशियम मात्र नियमित तपासायचं, कारण टेल्मिसार्टनसोबत ते आता उलट्या दिशेने चढू शकतं.

तपासणीला जाण्याआधी घरातली एक झडती घ्या. घसा बसतो म्हणून ज्येष्ठमधाची कांडी चघळणं किंवा रोज त्याचा काढा घेणं चालू आहे का? ज्येष्ठमधातल्या घटकामुळे हुबेहूब अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखं चित्र दिसतं: बीपी वर, पोटॅशियम खाली, रेनिन दबलेलं. फरक एवढाच की रक्तात अल्डोस्टेरॉन कमी निघतं. पाठदुखीसाठी डायक्लोफेनॅक, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, रोजची दारू, झोपेत घोरून श्वास अडकणं, यातलं काय काय आहे ते कागदावर लिहून न्या. आणि गोळ्यांची पाकिटं स्वतः मोजा. मिस्टर सगळ्या घेतात असं ते म्हणतात ते खरंच असेल, तरी मोजा.

तोवर बीपी १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखलं, दम लागला, बोबडी वळली किंवा हातापायातली शक्ती गेली, तर तपासण्यांची वाट न पाहता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

रिपोर्ट आला की अल्डोस्टेरॉन आणि रेनिनचे आकडे एककांसकट कळवा, त्या दिवशीचं पोटॅशियम आणि चालू गोळ्याही. रेनिन दबलेलं असेल तर पुढची पायरी सलाइनची चाचणी किंवा थेट शिरांचा नमुना. दबलेलं नसेल तर आधी गोळ्या बदलून एकदा पुन्हा तपासणी; तेव्हाही तसंच आलं, तर डाव्या गाठीला हात न लावता उजव्या धमनीचा डॉपलर करून प्रवाहाचा वेग मोजायचा, आणि स्टेंटची चर्चा करायची झालीच तर ती त्यानंतर.